ॲन्सिबलने एक्सऑर्गचा सेटअप: लांबच्या मशीनची स्क्रीन काळी न पडू देता

एका मशीनवर एक्सऑर्ग, म्हणजे लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारा डिस्प्ले सर्व्हर, बसवायचं म्हणजे आता फार काही नाही, पॅकेजेस टाकायची, लॉगिन दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर चालू करायचा, लॉगिनची स्क्रीन आली की झालं. पण तेच काम लॅबमधल्या सगळ्या मशिन्सवर किंवा वेगवेगळ्या इमारतींत लावलेल्या माहितीच्या स्क्रीन्सवर करायचं असेल, एकाला उभा मॉनिटर, दुसऱ्याला टचस्क्रीन, तिसऱ्यात दोन ग्राफिक्स कार्डं, तेव्हा हाताने केलेला सेटअप सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. कुठल्या मशीनवर कुठली फाइल कुणी आणि का बदलली हे शोधण्यातच दिवस जातो. म्हणून हे सगळं कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटमध्ये आणायचं, म्हणजे मशीन कशी हवी ते फाइलींत लिहून टूलकडून लावून घ्यायचं.

इथे मी ॲन्सिबल धरून लिहितोय, कारण समोरच्या मशीनवर एसएसएच आणि पायथन असलं की काम भागतं, वेगळा एजंट बसवावा लागत नाही. पपेट किंवा सॉल्ट ही अशीच दुसरी टूल्स वापरत असाल तरी विचार तोच राहील, मॉड्यूलची नावं बदलतील.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. या कामात फाइल लिहिणं हा सोपा भाग आहे. डिस्प्ले सर्व्हर बाकीच्या सर्व्हिसेसपेक्षा वेगळा पडतो तो दोन कारणांनी, एक म्हणजे त्याच्यासमोर माणूस बसलेला असू शकतो आणि रीस्टार्ट केला की त्याचं उघडं काम गेलं, आणि दुसरं म्हणजे सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टमडीला सर्व्हिस ॲक्टिव्ह दिसत असताना सुद्धा स्क्रीन काळीच असू शकते. त्यामुळे प्लेबुकने, म्हणजे ॲन्सिबलच्या कामांच्या यादीने, फाइल टाकून मोकळं व्हायचं नाही. समोर कुणी आहे का ते बघायचं, रीस्टार्ट करायचा, स्क्रीन खरंच आली का तपासायचं आणि नाही आली तर जुनं होतं तसं परत लावायचं, हे सगळं प्लेबुकमध्येच पाहिजे.

आधी बघा, मशीन एक्सऑर्गच चालवणार आहे का

एक्सऑर्ग ज्यावर चालतो तो एक्स११ प्रोटोकॉल १९८७ चा आहे. आज आपण वापरतो तो एक्सऑर्ग सर्व्हर २००४ मध्ये एक्सफ्री८६ च्या लायसन्सवरून वाद झाला तेव्हा वेगळा निघाला आणि त्याची जागा घेणाऱ्या वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं. आता बऱ्याच डिस्ट्रोजमध्ये डेस्कटॉप टाकला की वेलँडच चालू होतं, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून तर एक्सऑर्ग सर्व्हर काढूनच टाकलाय, जुन्या ॲप्ससाठी फक्त एक्सवेलँड ठेवलंय.

हे सांगायचं कारण असं की वेलँड सेशन चालू असेल तर तुम्ही एक्सऑर्गच्या फोल्डरात कितीही सुंदर फाइली टाका, त्या कुणी वाचतच नाही, आणि प्लेबुक मात्र सगळीकडे हिरवं दाखवतं. म्हणून रोलच्या (एका कामाचे टास्क आणि फाइली एकत्र ठेवलेल्या संचाच्या) पहिल्याच टास्कमध्ये ॲसर्ट मॉड्यूल लावा, डिस्ट्रो आणि व्हर्जनचे फॅक्ट्स, म्हणजे ॲन्सिबलने मशीनकडून गोळा केलेली माहिती, तपासा, आणि जिथे एक्सऑर्गच मिळत नाही तिथे स्पष्ट मेसेज देऊन थांबा. जीडीएम हा ग्नोमचा डिस्प्ले मॅनेजर वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये डीमन सेक्शनखाली वेलँड-एनेबल फॉल्स करावं लागतं. ती फाइल डेबियनमध्ये जीडीएम३ फोल्डरात डीमन डॉट कॉन्फ नावाने असते आणि फेडोरात जीडीएम फोल्डरात कस्टम डॉट कॉन्फ, म्हणजे हा पाथ व्हेरिएबलमध्येच ठेवायचा. सेशन कुठल्या प्रकारचं चाललंय ते लॉगिन-सीटीएल कमांडला सेशनची टाइप प्रॉपर्टी विचारली की कळतं, एक्स११ किंवा वेलँड असं उत्तर येतं.

फक्त एक-दोन ॲप्स दाखवणारी स्क्रीन असेल तर माझा कल लाइटडीएम या डिस्प्ले मॅनेजरकडे असतो. कॉन्फिग छोटी, तुकड्यांत टाकता येते, आणि लपलेल्या गोष्टी कमी.

पॅकेजेस

यात फार अडकण्यासारखं नाही. पॅकेजची नावं डिस्ट्रोप्रमाणे बदलतात म्हणून ओएस फॅमिलीप्रमाणे एकेक व्हेरिएबल फाइल करा आणि फॅक्ट्स बघून ती लोड करा, टास्क मात्र एकच ठेवा, पॅकेज मॉड्यूलचा. एक्सऑर्गचं मोठं मेटापॅकेज टाकलं की सगळे ड्रायव्हर येतात, त्यापेक्षा कोअर सर्व्हर, लिबइनपुटचा इनपुट ड्रायव्हर, लाइटडीएम आणि त्याचा ग्रीटर (लॉगिनची स्क्रीन) एवढंच घ्या. मोडसेटिंग हा सर्वसाधारण ग्राफिक्स ड्रायव्हर २०१५ च्या १.१७ व्हर्जनपासून सर्व्हरमध्येच आहे, इंटेल आणि एएमडीच्या साध्या कामाला तो पुरतो, त्याच्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर लागत असेल तर त्याचा रोलच वेगळा ठेवा, कारण त्यात कर्नल मॉड्यूल, नूवो हा मुक्त ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करणं, इनिटरॅमएफएस परत बनवणं, सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही करणं आणि शेवटी रीबूट एवढं सगळं येतं, ते या रोलमध्ये कोंबलं की दोन्ही बिघडतात.

डेबियनच्या मशीनवर दोन डिस्प्ले मॅनेजर असतील तर इन्स्टॉल करताना कुठला डिफॉल्ट ते डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनचा प्रश्न विचारणारा भाग, विचारतो. ऑटोमेशनमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून पॅकेज टाकायच्या आधीच डेबकॉन्फ मॉड्यूलने ते उत्तर भरून ठेवायचं. आणि मशीन सर्व्हर म्हणून इन्स्टॉल झालं असेल तर सिस्टमडीचं डिफॉल्ट टार्गेट मल्टी-युजर असतं, ते ग्राफिकल करायला विसरू नका, नाहीतर आज चालतं आणि उद्या रीबूट झाला की टेक्स्ट कन्सोल. आधी गेट-डिफॉल्टने सध्याचं टार्गेट रजिस्टर करा, वेगळं असेल तरच सेट-डिफॉल्ट चालवा, म्हणजे दरवेळी उगाच चेंज्ड (टास्कने काही बदललं) दिसणार नाही.

हार्डवेअरची माहिती मशीनलाच विचारा

इन्व्हेंटरीत, म्हणजे मशिन्सच्या यादीत, प्रत्येक मशीनसमोर कार्ड कुठलं, मॉनिटर कुठल्या पोर्टला असं हाताने लिहीत बसू नका, कुणीतरी केबल बदलतं आणि इन्व्हेंटरी खोटी पडते. ॲन्सिबलच्या नेहमीच्या फॅक्ट्समध्ये ग्राफिक्सबद्दल कामाचं फारसं काही नसतं, पण लोकल फॅक्ट्सची सोय फार छान आहे. इटीसीमधल्या ॲन्सिबल फोल्डरात फॅक्ट्स डॉट डी अशी डिरेक्टरी करायची, त्यात डॉट फॅक्ट एक्स्टेन्शनची एक छोटी एक्झिक्युटेबल स्क्रिप्ट टाकायची जी जेसन छापते, आणि मग सेटअप मॉड्यूल परत चालवलं की ती माहिती ॲन्सिबल-लोकल खाली येते.

त्या स्क्रिप्टने बघायची जागा म्हणजे कर्नल हार्डवेअरची माहिती देतं त्या सिसएफएसमधला क्लास डीआरएम फोल्डर. तिथे प्रत्येक पोर्टची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यातल्या स्टेटस नावाच्या फाइलमध्ये कनेक्टेड किंवा डिस्कनेक्टेड असा एक शब्द. मॉनिटरची ओळख हवी असेल तर शेजारीच ईडीआयडी फाइल आहे. एक्स चालू नसताना सुद्धा हे सगळं वाचता येतं, हा मोठा फायदा.

पण इथे एक खड्डा आहे आणि लोक हमखास त्यात पडतात. कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतं त्यालाच मोडसेटिंग ड्रायव्हर एचडीएमआय-१ म्हणतो, जुना इंटेल ड्रायव्हर एचडीएमआय१ म्हणतो, मधली रेघ नाही, आणि एएमडीजीपीयूचा एक्स ड्रायव्हर एचडीएमआय-ए-० म्हणतो, तिथे मोजणी शून्यापासून. मॉनिटर सेक्शनचा आयडेंटिफायर आउटपुटच्या नावाशी तंतोतंत जुळला तरच त्यातले ऑप्शन्स लागतात, नाही जुळला तर एरर वगैरे काही येत नाही, सेक्शन गुपचूप बाजूला पडतो आणि उभा मॉनिटर आडवाच राहतो. म्हणून सगळ्या मशिन्सवर शक्यतो एकच ड्रायव्हर ठेवा, आणि कर्नलच्या नावावरून एक्सचं नाव काढायचा नियम टेम्प्लेटमध्ये (ज्यातून प्रत्येक मशीनची फाइल बनते त्या साच्यात) एकाच जागी लिहा.

दोन कार्डं असतील तर डिव्हाइस सेक्शनमध्ये बस-आयडी द्यावा लागतो आणि तिथेही अशीच गंमत आहे. कार्डांची यादी देणारं एलएसपीसीआय पत्ता हेक्साडेसिमलमध्ये दाखवतं आणि एक्सऑर्गला तो डेसिमलमध्ये लागतो. म्हणजे एलएसपीसीआयमध्ये ०ए:००.० दिसलं तर कॉन्फिगमध्ये पीसीआय:१०:०:० लिहायचं. बस नंबर ०१ ते ०९ असेपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून चूक लक्षातच येत नाही, आणि एखाद्या मोठ्या वर्कस्टेशनवर कार्ड दहाव्या बसवर निघालं की सर्व्हर नो स्क्रीन्स फाउंड म्हणून पडतो. टेम्प्लेटच्या जिंजा भाषेतल्या इंट फिल्टरला बेस १६ देता येतो, तो वापरा, डोक्यात रूपांतर करू नका.

कॉन्फिग जितकी कमी तितकी बरी

पूर्वी एकच लांबलचक एक्सऑर्ग डॉट कॉन्फ असायची, त्यात माऊसपासून फॉन्टपाथपर्यंत सगळं. २०१० मधल्या १.८ व्हर्जनपासून तुकड्यांची सोय आली, म्हणजे इटीसीमधल्या एक्स११ फोल्डरात एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी अशी डिरेक्टरी आणि तिच्यात विषयवार छोट्या फाइली. ऑटोमेशनला हीच रचना सोयीची पडते. सर्व्हर बहुतेक सगळं स्वतः ओळखतो, तुम्ही फक्त जिथे त्याचा निर्णय बदलायचाय तेवढंच लिहायचं. ऑटो-कॉन्फिगर करून निघालेली शंभर ओळींची फाइल टेम्प्लेट म्हणून रोलमध्ये टाकणं मला अजिबात पटत नाही, कारण त्यातली कुठली ओळ गरजेची आणि कुठली योगायोगाने आली हे नंतर कुणीच सांगू शकत नाही.

फाइलींची नावं डॉट कॉन्फने संपली तरच वाचली जातात आणि वर्णक्रमाने वाचली जातात, म्हणून पुढे १०, २०, ३० असे आकडे लावतात. आकड्यानंतर तुमच्या रोलची ओळख पटेल असा एक ठरलेला शब्द टाका. याचा उपयोग नंतर होतो: रोलमधून एखादी फाइल काढून टाकली म्हणून ॲन्सिबल ती मशीनवरून पुसत नाही, ती तिथे पडून राहते आणि लागूही होत राहते. नावात ठरलेला शब्द असला की फाइंड मॉड्यूलने तशा सगळ्या फाइली शोधायच्या आणि आजच्या यादीत नसलेल्या काढून टाकायच्या. जुनी एकसंध एक्सऑर्ग डॉट कॉन्फ कुठे राहिलीये का तेही बघा, एनव्हिडियाचं कॉन्फिग टूल ती बनवून ठेवतं आणि तुमच्या तुकड्यांच्या जोडीला तीही वाचली जाते.

टेम्प्लेटच्या डोक्यावर ही फाइल ॲन्सिबल सांभाळतं अशी कमेंट जरूर ठेवा, पण तिच्यात तारीख-वेळ टाकू नका. वेळ बदलली की फाइल बदलली, फाइल बदलली की रीस्टार्ट, म्हणजे काहीही कारण नसताना सगळ्यांच्या स्क्रीन्स जाणार.

आता एक मॉनिटरची फाइल कशी दिसते ते बघू. सेक्शन मॉनिटर, त्यात आयडेंटिफायर म्हणजे फॅक्टवरून काढलेलं आउटपुटचं नाव, मग ऑप्शन प्रेफर्ड-मोड १९२०एक्स१०८०, ऑप्शन रोटेट लेफ्ट, एंड सेक्शन. बस. दोन मॉनिटर असतील तर असे दोन सेक्शन, एकाला प्रायमरी ट्रू आणि दुसऱ्याला राइट-ऑफ मध्ये पहिल्याचं नाव. कार्ड एकच असेल तर डिव्हाइस, स्क्रीन, सर्व्हर-लेआउट यातलं काहीच लिहायची गरज नाही.

टचस्क्रीन असेल तर फक्त चित्र फिरवून भागत नाही, बोट जुन्याच दिशेने चालतं, वर दाबलं की बाजूचं बटण लागतं. त्यासाठी इनपुट-क्लास सेक्शन करा, मॅच-इज-टचस्क्रीन ऑन, आणि ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्सचा ऑप्शन द्या. लेफ्टसाठी आकडे ० -१ १, १ ० ०, ० ० १ असे, राइटसाठी ० १ ०, -१ ० १, ० ० १, आणि उलट्यासाठी -१ ० १, ० -१ १, ० ० १, तिन्ही ठिकाणी हे नऊ आकडे एकाच ओळीत, मध्ये फक्त स्पेस. हे तिन्ही टेम्प्लेटमध्ये एका डिक्शनरीत ठेवा आणि रोटेशन नावाच्या एकाच व्हेरिएबलवरून मॉनिटर आणि टच दोन्ही फाइली बनू द्या. दोन वेगळी व्हेरिएबल्स ठेवली की कधी ना कधी एकच बदलली जातात.

माहितीची स्क्रीन सतत चालू राहायला हवी असेल तर सर्व्हर-फ्लॅग्जमध्ये ब्लँक-टाइम, स्टँडबाय-टाइम, सस्पेंड-टाइम आणि ऑफ-टाइम चारही शून्य करा. डिफॉल्ट १० मिनिटांचं असतं, म्हणून बसवताना चालू दिसतं आणि माणूस पाठमोरा झाला की स्क्रीन झोपते.

ॲन्सिबलच्या फाइली ज्या यामल फॉरमॅटमध्ये लिहितात त्याबद्दल दोन सावधगिऱ्या. कीबोर्ड लेआउटची व्हेरिएबल्स नेहमी कोट्समध्ये लिहा. नॉर्वेच्या लेआउटचा कोड एन-ओ आहे, यामल त्याला नाही असं समजतं, आणि फाइलमध्ये लेआउट म्हणून फॉल्स छापलं जातं. दुसरं, फाइलचा मोड ०६४४ असा पुढच्या शून्यासकट आणि कोट्समध्ये द्या. नुसतं ६४४ लिहिलं तर तो साधा दशमान आकडा धरला जातो आणि भलत्याच परमिशन्स लागतात.

रीस्टार्ट

नेहमीची पद्धत म्हणजे टेम्प्लेट टास्कमधून हँडलरला (बदल झाला तरच चालणाऱ्या टास्कला) नोटिफाय करायचं आणि हँडलरने सर्व्हिस रीस्टार्ट करायची. इथे ती पद्धत मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका असंच सांगेन. हँडलर प्लेच्या शेवटी चालतो. समजा फाइल बदलली आणि मधलाच एखादा भलता टास्क फेल झाला, तर हँडलर चालतच नाही, आणि पुढच्या वेळी प्लेबुक चालवलं तर फाइल आधीच बरोबर असल्यामुळे चेंज्ड येत नाही, म्हणजे हँडलर तेव्हाही नाही. नवी कॉन्फिग डिस्कवर आहे पण सर्व्हर जुन्याच कॉन्फिगवर, आणि कुणालाच माहीत नाही. फोर्स-हँडलर्सचा पर्याय आहे, पण त्याने तपासणी आणि रोलबॅकचा प्रश्न सुटत नाही.

त्याऐवजी एक ब्लॉक करा. त्यात क्रमाने फाइली टाकणं, काही बदललं असेल तर साध्या टास्कने डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट, आणि लगेच तपासणी. खाली रेस्क्यू, म्हणजे ब्लॉक फेल झाला तर चालणारा भाग, त्यात जुनी फाइल परत. मध्ये कुठेही अडखळलं तरी जुनी स्थिती परत येते आणि पुढच्या वेळी बदल पुन्हा बदल म्हणूनच दिसतो.

ब्लॉकच्या आधी समोर माणूस आहे का हे बघायचं. लॉगिन-सीटीएलला सीट-० ची, म्हणजे मशीनच्या मुख्य स्क्रीन-कीबोर्डची, ॲक्टिव्ह-सेशन प्रॉपर्टी विचारा, जो नंबर मिळेल त्या सेशनची क्लास आणि नेम विचारा. क्लास ग्रीटर असेल तर लॉगिनची स्क्रीन उभी आहे, बिनधास्त पुढे जा. क्लास युजर असेल तर कुणीतरी बसलंय. ऑटोलॉगिनच्या स्क्रीनवर मात्र क्लास कायम युजरच असणार, म्हणून तिथे नाव ठरलेल्या ऑटोलॉगिन युजरचं आहे का ते तपासून परवानगी द्या.

आणि माणूस असेल तर काय? इथे बरेच जण फाइल टाकून ठेवतात आणि फक्त रीस्टार्ट टाळतात, पुढच्या बूटला लागेल म्हणून. मला ते धोक्याचं वाटतं. तसं केलं तर न तपासलेली कॉन्फिग मशीनवर दबा धरून बसते आणि नेमकी सकाळी, मशीन चालू करायला दुसरंच कुणी आलेलं असताना लागू होते, तेव्हा तपासायला प्लेबुक नसतं आणि परत फिरवायलाही नसतं. म्हणून माणूस बसलेला असेल तर त्या मशीनसाठी पूर्ण ब्लॉकच सोडून द्या, फाइलसुद्धा टाकू नका. एक डीबग मेसेज द्या की हे मशीन राहिलं, आणि रात्री प्लेबुक परत चालवा.

स्वतःच्याच डेस्कटॉपवर लोकल कनेक्शनने हा रोल चालवत असाल तर अजून एक लक्षात ठेवा, डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट झाला की ज्या टर्मिनलमध्ये प्लेबुक चाललंय ते टर्मिनलच जातं आणि काम अर्धवट राहतं. टेक्स्ट कन्सोलवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने चालवा.

स्क्रीन खरंच आली का

सर्व्हिस ॲक्टिव्ह आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, लाइटडीएम चालू असतं आणि त्याच्या पोटातला एक्स मरत-उठत असतो. मी तीन पायऱ्यांनी बघतो.

पहिली, टेम्पमधल्या डॉट-एक्स११-युनिक्स फोल्डरात एक्स० नावाचं सॉकेट आलं का. वेट-फॉर मॉड्यूलला पाथ दिला की ते वाट बघतं, ३० सेकंदांचा टाइमआउट पुष्कळ झाला. पण सॉकेट असणं म्हणजे चित्र असणं नव्हे, आणि जुनं सॉकेट मागे राहिलेलं असू शकतं.

म्हणून दुसरी, आउटपुट आणि त्यांचं रिझोल्यूशन दाखवणारं एक्सरँडआर चालवायचं. एसएसएचमधून चालवताना डिस्प्ले आणि एक्स-ऑथॉरिटी ही दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स टास्कमध्ये द्यावी लागतात. लाइटडीएममध्ये ऑथॉरिटीची फाइल रनखाली लाइटडीएमच्या रूट फोल्डरात डिस्प्लेच्याच नावाने असते, म्हणजे फाइलचं नाव चक्क कोलन शून्य. ती वाचायला रूट लागतो, म्हणजे बिकम चालू पाहिजे. आउटपुटमध्ये तुमच्या आउटपुटच्या ओळीवर कनेक्टेड, त्यापुढे अपेक्षित रिझोल्यूशन आणि फिरवलं असेल तर लेफ्ट किंवा राइट हा शब्द दिसला पाहिजे. नुसती कमांड यशस्वी झाली म्हणून समाधान मानू नका, वर सांगितलेला नाव न जुळण्याचा प्रकार याच पायरीवर पकडला जातो. ग्रीटर उभा राहायला थोडा वेळ घेतो म्हणून रिट्राइज आणि डिले लावा. लक्षात घ्या, फिरवलेल्या स्क्रीनचं रिझोल्यूशन १०८०एक्स१९२० असं उलटं दिसतं, तुलना त्याप्रमाणे करा.

तिसरी पायरी लॉगची. व्हार-लॉगमधला एक्सऑर्ग डॉट शून्य डॉट लॉग. सर्व्हर युजरच्या हक्कांनी चालत असेल तर हाच लॉग त्या युजरच्या होममध्ये, लोकल-शेअर खालच्या एक्सऑर्ग फोल्डरात सापडतो. एररच्या ओळींना कंसात ईई अशी खूण असते, वॉर्निंगला डब्ल्यूडब्ल्यू. पण नुसतं ईई शोधलं तर प्रत्येक लॉगमध्ये सापडतंच, कारण सुरुवातीला खुणांचा अर्थ सांगणारी जी यादी छापलेली असते तिच्यातच ईई म्हणजे एरर असं लिहिलेलं असतं. खऱ्या एररची ओळ चौकटी कंसातल्या वेळेने सुरू होते, म्हणून रेजेक्समध्ये ओळीची सुरुवात, चौकटी कंस, वेळ आणि मग लगेच ईई असंच मागा. शिवाय काही ईई निरुपद्रवी असतात, एखादं मॉड्यूल सापडलं नाही वगैरे, त्यामुळे लॉगवरून फेल करू नका, दुसऱ्या पायरीवर फेल झालं तरच लॉगच्या या ओळी मेसेजमध्ये दाखवा. सकाळी ते वाचणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. याच लॉगमध्ये दोन ताऱ्यांच्या (**) खुणेच्या ओळी म्हणजे तुमच्या कॉन्फिग फाइलमधून घेतलेल्या सेटिंग्ज, तुमची फाइल वाचली गेली की नाही ते तिथे लगेच कळतं.

रेस्क्यूमध्ये जुनी फाइल परत आणायला टेम्प्लेट टास्कला बॅकअप चालू ठेवा आणि निकाल रजिस्टर करा. बॅकअप त्याच डिरेक्टरीत पडतो पण त्याच्या नावाच्या शेवटी तारीख आणि लाटेची खूण (~) लागते, डॉट कॉन्फने नाव संपत नाही, म्हणून एक्सऑर्ग त्याला हात लावत नाही. निकालात बॅकअप-फाइल असेल तर कॉपी मॉड्यूलने रिमोट-सोर्स लावून ती मूळ नावावर टाका. बॅकअप-फाइल नसेल आणि टास्क चेंज्ड असेल तर फाइल नवीनच होती, ती काढून टाका. मग परत रीस्टार्ट.

आणि रेस्क्यूच्या शेवटी फेल मॉड्यूल मुद्दाम ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे. रेस्क्यू नीट पार पडला की ॲन्सिबल त्या मशीनला फेल धरत नाही, रेस्क्यूड धरतं आणि पुढच्या मशिन्सकडे निघून जातं, म्हणजे एकच चुकीची कॉन्फिग एकेका मशीनवर लागून परत फिरत राहते. प्लेला सिरियलची यादी द्या, आधी १ मशीन, मग १० टक्के, मग उरलेली सगळी, आणि मॅक्स-फेल-पर्सेंटेज शून्य. पहिल्या मशीनवर फेल आलं की बाकीच्यांना धक्काही लागत नाही.

चालवून बघताना

चेक आणि डिफ मोडने, म्हणजे काही न बदलता फक्त काय बदलेल ते बघत, आधी चालवायची सवय चांगली, पण कमांड मॉड्यूल चेक मोडमध्ये चालतच नाही, त्यामुळे लॉगिन-सीटीएलचं उत्तर रिकामं येतं आणि पुढचे टास्क भलत्याच एररने पडतात. जे टास्क फक्त माहिती वाचतात त्यांना चेक-मोड फॉल्स आणि चेंज्ड-व्हेन फॉल्स दोन्ही लावा.

टेस्टिंगसाठी एक्सव्हीएफबी या फक्त मेमरीत चित्र काढणाऱ्या सर्व्हरच्या मागे लागू नका, तो एक्सऑर्गच्या कॉन्फिग फाइली वाचतच नाही, म्हणजे नेमकं जे तपासायचं तेच सुटतं. व्हर्च्युअल मशीन घ्या, त्याला व्हर्टिओचं ग्राफिक्स द्या, त्यावर मोडसेटिंग ड्रायव्हर चालतो आणि रोटेशनपासून रोलबॅकपर्यंत सगळं खऱ्यासारखं बघता येतं. तिथे एकदा मुद्दाम चुकीचा ड्रायव्हर लिहून रोल चालवा आणि जुनी स्क्रीन आपोआप परत येते का ते डोळ्यांनी बघा. मग बरोबर कॉन्फिगने सलग दोनदा चालवा, दुसऱ्या वेळी चेंज्डचा आकडा शून्य आला पाहिजे. एक जरी टास्क चेंज्ड दाखवत असेल तर आधी तो शोधा आणि मगच पहिल्या खऱ्या मशीनला हात लावा.